कोरियात इंग्रजी शिकवायला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची नाशिकची. इंग्रजीत बी.ए., मग बी.एड., मग पुण्यात चार वर्षं शाळेत नोकरी. रांजणगावच्या कारखान्यात कामाला आलेल्या एका कोरियन इंजिनिअरशी लग्न झालं, त्याची बदली परत मायदेशी झाली आणि मीही दक्षिण कोरियातल्या छांगवॉन शहरात आले. इथे सात वर्षं शाळेनंतरच्या वर्गांत इंग्रजी शिकवतेय. ओळखीपाळखीतून निरोप येतात, आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. निदान पहिले तीन प्रश्न वाचल्याशिवाय कुणाला पैसे देऊ नका.

१. ताई, माझं इंग्रजी उत्तम आहे, शाळाही इंग्रजी माध्यमाची. कोरियात शिक्षकाची नोकरी मिळेल ना?

इंग्रजीचा प्रश्न नंतरचा, आधी पासपोर्ट कुठला ते सांगा. परदेशी भाषा शिकवणाऱ्यांसाठी कोरियात ई-२ नावाचा व्हिसा असतो. इंग्रजीसाठी तो सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. या यादीत भारत नाही. तुम्ही शेक्सपिअर तोंडपाठ म्हणून दाखवलात तरी नियम बदलत नाही, आणि केप टाउनचा बावीस वर्षांचा मुलगा कुठल्याही विषयातल्या पदवीवर पात्र ठरतो. मला हे अन्यायाचं वाटतं. पण नियम माहीत नसल्यामुळे दीड लाख रुपये घालवलेली माणसं पाहिली आहेत, त्यामुळे आधी तोच सांगते. भारतीयांसाठी एक अपवाद आहे, तो पुढच्या उत्तरात.

२. पण भारत-कोरिया करारात भारतीय शिक्षकांची सोय आहे असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे, फक्त दार अरुंद आहे. ऑगस्ट २००९ मध्ये दोन्ही देशांनी सर्वंकष आर्थिक भागीदारी करार केला. सीईपीए म्हणतात तो हाच. १ जानेवारी २०१० पासून तो लागू झाला. त्यात भारतीय नागरिकांना इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून येता येईल अशी तरतूद आहे. अटी दोन: पदवी किंवा त्यापुढचं शिक्षण, आणि इंग्रजी विषयाची शिक्षक-पात्रता. म्हणजे इंग्रजी पद्धतीसह बी.एड. केलेल्यांचा विचार होऊ शकतो. नुसतं एम.ए. किंवा ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र पुरत नाही.

आता खोच कुठे आहे ते बघा. ही सवलत प्राथमिक ते उच्च माध्यमिक शाळांपुरती आहे, खासगी क्लासला लागू नाही. कोरियात सगळ्यात जास्त जागा असतात त्या खासगी क्लासमध्ये. शाळांची भरती मुख्यतः ‘एपिक’ या सरकारी योजनेतून होते (१९९५ पासून चालू आहे), आणि ‘एपिक’च्या पात्रतेत वर सांगितलेले सात देशच असतात. थोडक्यात, कायदा ‘या’ म्हणतो, पण बोलावणारी शाळा तुम्हालाच शोधावी लागते. बी.एड. असेल तर प्रांताच्या शिक्षण कार्यालयांना थेट विचारून बघायला हरकत नाही. पण हातातली नोकरी सोडून नव्हे.

३. मी जन्माने सांगलीचा, आता ऑस्ट्रेलियन नागरिक आहे. मला चालेल? आणि बहिणीकडे अमेरिकेचं ग्रीन कार्ड आहे, तिला?

बहिणीला नाही. ग्रीन कार्ड, कॅनडाचं पीआर, ब्रिटनचा कायम वास्तव्याचा परवाना, यातलं काहीच नागरिकत्व नाही, आणि कोरियाचं इमिग्रेशन नागरिकत्व बघतं. उलट तुमच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना भारत सरकार देतं ते) असलं तरी त्याने काही बिघडत नाही, कारण तेही नागरिकत्व नव्हे.

तुमचं उत्तर ‘तिथे कधी गेलात’ यावर आहे. ‘एपिक’ची अट अशी की सातवीपासूनचं शिक्षण त्या देशात झालेलं हवं आणि वास्तव्य किमान १० वर्षांचं हवं. ई-२ साठी पदवीही इंग्रजीभाषक देशातली लागते. आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर मेलबर्नला गेलेला मुलगा यात सहज बसतो. इंजिनिअरिंग पुण्यात करून, नोकरीला गेल्यावर नागरिक झालेला माणूस अडकतो. दुसऱ्या प्रकारचे निरोप मला जास्त येतात.

४. सरकारी शाळा बरी की हागवोन? आणि हागवोन म्हणजे नक्की काय?

हागवोन म्हणजे आपल्याकडचे क्लास. लातूरला बारावीचे असतात तसेच, फक्त इथे ते चार वर्षांच्या पोरापासून सुरू होतात. गणिताचे, पियानोचे, तायक्वोंदोचे, आणि इंग्रजीचे तर गल्लोगल्ली. शाळा सुटली की पिवळी मिनीबस दारात उभीच असते. सोलमध्ये रात्री १० नंतर हागवोन चालवायला बंदी आहे, यावरून काय ते ओळखा.

सरकारी शाळेत दिवस साधारण साडेआठ ते साडेचार, आठवड्याला २२ तासिका, सोबत कोरियन शिक्षक, वर्षाला २६ दिवस भरपगारी रजा. सुट्टीत मुलं नसली तरी शाळेत येऊन बसावं लागतं. याला इथले परदेशी शिक्षक ‘डेस्क वॉर्मिंग’ म्हणतात. जानेवारीत हीटर बंद असलेल्या स्टाफरूममध्ये कोट घालून बसलात की या शब्दातला विनोद कळतो. भरती वर्षातून दोनदा, फेब्रुवारीच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या अखेरीस रुजू होण्यासाठी. अर्ज सहा महिने आधी. गाव मात्र तुम्ही निवडायचं नसतं. सोल मागाल आणि समुद्रकाठच्या चाळीस पटाच्या शाळेत जाल.

हागवोन वर्षभर कधीही भरती करतात, शहर तुम्ही निवडता, वर्ग लहान असतात. तास दुपारी दोन ते रात्री नऊ-दहा, रजा कमी. चांगला मालक मिळाला तर हागवोन मजेचं, वाईट मिळाला तर प्रश्न १२ वाचा. पहिल्यांदा येणाऱ्याला मी शाळाच सुचवते.

५. पगार किती? मागे काही उरतं का?

२०२५ च्या सुमारास नवख्याला महिन्याला साधारण २१ ते २५ लाख वॉन मिळत. आकडा ऐकून हुरळू नका. हजार वॉन म्हणजे ढोबळमानाने साठ-पासष्ट रुपये. शिवाय खोली फुकट, किंवा तिच्याऐवजी भत्ता. वर्ष पूर्ण केलं की एका महिन्याचा पगार कायद्याने वेगळा मिळतो, त्याला थ्वेजिकगम म्हणतात. आरोग्यविमा आणि पेन्शनचा अर्धा वाटा मालक भरतो.

पण हेही बघा: २०२५ मध्ये कोरियाचं किमान वेतन तासाला १०,०३० वॉन होतं, म्हणजे पूर्णवेळ महिन्याला २०,९६,२७० वॉन. किराणा दुकानात काउंटरवर बसणाऱ्या मुलापेक्षा तुमचा सुरुवातीचा पगार फारसा वर नाही. वीस वर्षांपूर्वी ही नोकरी खरंच श्रीमंतीची होती, आता घरभाडं वाचतं म्हणून परवडते. काटकसरीने राहणारे निम्मा पगार मागे टाकतात. दर शनिवारी सोलला जाणारे टाकत नाहीत.

पेन्शनमध्ये कापलेले पैसे देश सोडताना परत मिळतात का, हे पुन्हा पासपोर्टवर आहे. अमेरिकन, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन नागरिकांना मिळतात, ब्रिटिशांना नाही.

६. कागदपत्रं कुठली लागतात?

पदवी आणि राष्ट्रीय पातळीवरचा पोलीस दाखला, दोन्हींवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का. अमेरिकन नागरिकाला एफबीआयचा दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. ‘एपिक’साठी शिक्षणशास्त्राची पदवी नसेल तर किमान १०० तासांचा इंग्रजी-अध्यापनाचा कोर्स. भारतातल्या पदवीला आधी राज्य पातळीवरचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल. महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांच्या व्हिसाचं काम मुंबईच्या कोरियन वाणिज्य दूतावासाकडे जातं. भारतीयांना दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी क्षयरोगाची तपासणीही लागते, आणि ती दूतावासाने नेमलेल्या रुग्णालयातूनच. घराजवळच्या लॅबचा एक्स-रे घेऊन गेलात तर हात हलवत परत याल.

इथे उतरल्यावर पुन्हा वैद्यकीय तपासणी होते, त्यात अमली पदार्थांची चाचणी असते, आणि ९० दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. झोपेच्या, वेदनेच्या किंवा एकाग्रतेच्या गोळ्या घेत असाल तर त्या कोरियात चालतात का हे निघण्यापूर्वीच तपासा. अमेरिकेत डॉक्टर सर्रास लिहून देतात अशी काही औषधं इथे गुन्हा ठरतात.

७. एजंट दीड लाख मागतोय, म्हणतो सगळी हमी माझी. देऊ का?

नका देऊ. कोरियातल्या शिक्षकभरतीत एजंटाचे पैसे नेमणूक करणारा क्लास देतो, शिक्षकाकडून घ्यायची रीत नाही. भारतात परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो, आणि त्याची फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापलीकडे जाऊ शकत नाही. परवाना खरा आहे का ते सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर बघता येतं. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून देतो’ असं म्हणाला तर त्याच क्षणी उठा. टुरिस्ट व्हिसावर शिकवताना सापडलात तर दंड, परत पाठवणी आणि पुन्हा येण्यावर बंदी. तुमच्याबरोबर एजंट विमानात बसणार नसतो.

८. कोरियात टेसोलचं (इतर भाषकांना इंग्रजी शिकवण्याचं) एम.ए. केलं तर पुढे इंग्रजी शिक्षक होता येईल ना?

एम.ए. चांगलं होईल, पण पदवीने पासपोर्ट बदलत नाही. शिकून झाल्यावर ई-२ साठी पुन्हा प्रश्न १ आणि २ चीच चाळणी आहे. विद्यार्थी व्हिसावर पार्टटाइम कामालाही इमिग्रेशनची परवानगी लागते, आणि घरगुती शिकवणीला ती मिळत नाही. शिक्षणासाठी म्हणून यायचं असेल तर जरूर या, सरकारची ग्लोबल कोरिया स्कॉलरशिप बघा. नोकरीची मागची वाट म्हणून मात्र येऊ नका.

९. कोरियन भाषा येत नाही. अडेल का? आणि आपल्या उच्चारांना नावं ठेवतात का?

शिकवण्यासाठी कोरियन लागत नाही, पण जगायला लागते. लिपी, म्हणजे हांगुल, मराठी माणसाला एका रविवारात येते. राजा सेजोंगने १४४६ मध्ये ती जाहीर केली, आणि ती आपल्यासारखीच उच्चारानुसारी आहे. वाक्यरचनाही ओळखीची: क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाला चिकटलेले, मोठ्यांशी बोलताना रूप वेगळं. माझ्या अमेरिकन सहकाऱ्यांना जे वर्षभर जमलं नाही ते मला तीन महिन्यांत जमलं, यात माझी हुशारी शून्य.

उच्चारांचं सांगते. कोरियनमध्ये इंग्रजी ‘व्ही’चा उच्चार नाही, त्यामुळे माझ्या नावातल्या ‘व’चा इथे ‘ब’ झाला तो झालाच. ‘फ’च्या जागी ‘प’, म्हणून कॉफीची खॉपी. शब्दाच्या शेवटी काही व्यंजनं आली की मुलं त्यांना स्वर जोडतात: बस म्हणजे ‘बसु’. हे सगळं मी पहिलीच्या वर्गात ऐटीत सुधारत होते. तेव्हा मागच्या बाकावरच्या, दोन वर्षं कॅनडात राहून आलेल्या मुलीने हात वर केला आणि म्हणाली, टीचर, तुम्ही ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ सारखंच म्हणता. खरं होतं. आपला एक ‘व’ इंग्रजीच्या दोन वर्णांचं काम करतो. त्या रात्री आरशासमोर खालचा ओठ दातांखाली धरून अर्धा तास बसले होते. तेव्हा नावं ठेवतात का? ठेवतात, कधी कधी बरोबरही असतात. पालकांना अमेरिकन उच्चार हवा असतो, आणि मुलाखतीत बराचसा निकाल त्यावरच लागतो.

१०. आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण पहिला महिना जड जातो. किमचीत बहुधा मासळीचा खार असतो. साध्या दिसणाऱ्या सूपचं पाणी सुक्या माशांत उकळलेलं असतं. ‘मांस नको’ म्हटलं तर हॅम घालून देतात, कारण ते त्यांच्या लेखी ‘मांस’ नसतं. पदार्थाचं नाव घेऊन सांगा: मासे नको, हॅम नको, अंडं चालेल. शाळेचं जेवण सगळे एकत्र जेवतात, डबा आणणार असाल तर पहिल्याच दिवशी कारण सांगून टाका, मग कुणी विचारत नाही. सोलच्या इथेवॉनमधल्या मशिदीजवळच्या दुकानांत तूरडाळ, हिंग, पोह्यांपर्यंत सगळं मिळतं, आणि आता बरंचसं ऑनलाइन घरपोच येतं. गोडा मसाला मात्र घरून.

११. सावळा रंग किंवा भारतीय चेहरा असेल तर नोकरीत अडचण येते का?

येते. हागवोनच्या अर्जासोबत फोटो मागतात आणि तो कशासाठी हे सगळ्यांना ठाऊक असतं. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या, मराठी आईबापांच्या एका मुलीला तीन ठिकाणी ‘पालकांना गोरी टीचर हवी’ असं तोंडावर सांगितलं गेलं. सरकारी भरतीत हा त्रास बराच कमी. वर्गातल्या मुलांना दोन दिवस कुतूहल असतं, तिसऱ्या दिवशी तुम्ही त्यांच्या ‘सनसेंगनिम’ असता, म्हणजे बाई.

१२. क्लासच्या मालकाने अकराव्या महिन्यात काढलं. पैसे बुडाले का?

ही जुनी युक्ती आहे: वर्ष पूर्ण होऊ द्यायचं नाही, म्हणजे थ्वेजिकगम द्यायला नको (प्रश्न ५). तिची धाकटी बहीण म्हणजे तुम्हाला ‘फ्रीलान्सर’ दाखवून पगारातून सरळ ३.३ टक्के कर कापायचा आणि पेन्शन-विम्याचा वाटा भरायचाच नाही. मीही पहिल्या क्लासमध्ये यात फसले. पगारपत्रक कोरियनमध्ये होतं, मी खालचा आकडा बघून खूश. आठव्या महिन्यात दात दुखला, दवाखान्यात विमाच नसल्याचं कळलं, तेव्हा डोळे उघडले.

म्हणून करारात ‘सादेबोहम’ म्हणजे चारही विमे लिहिले आहेत का ते सहीआधी बघा. तक्रारीसाठी कामगार मंत्रालयाचा १३५०, व्हिसाच्या प्रश्नांना इमिग्रेशनचा १३४५. दोन्हीकडे इंग्रजी बोलणारं कुणीतरी असतं. कामाचे तास, पगार जमा झाल्याच्या नोंदी, मालकाचे मेसेज जपून ठेवा. आणि रागाच्या भरात नोकरी सोडू नका: ई-२ मालकाशी बांधलेला असतो, मुदतीआधी दुसरीकडे जायला त्याचं संमतिपत्र लागतं.

१३. जोडीदाराला सोबत नेता येईल? तिला घरी शिकवण्या घेता येतील?

नेता येईल, एफ-३ व्हिसावर, पण त्यावर नोकरी करता येत नाही. घरगुती शिकवणी ई-२ वाल्यालाही बंद आहे. शेजारीण कितीही गोड बोलून ‘आठवड्यातून एकच तास’ म्हणाली तरी नाही. माझ्यासारख्या कोरियन माणसाशी लग्न झालेल्यांना एफ-६ मिळतो. त्यावर भारतीय पासपोर्टलाही क्लासमध्ये शिकवता येतं आणि शिक्षण कार्यालयात नोंद करून शिकवणीही घेता येते. ‘ताई, तुम्ही कशा मग शिकवता?’ याचं उत्तर एवढंच.

१४. मुलंच कमी होतायत म्हणे. ही नोकरी टिकेल का?

२०२३ मध्ये कोरियाचा जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) ०.७२ वर आला, २०२४ मध्ये ०.७५. गावाकडच्या शाळा बंद पडतायत. दुसरीकडे, उरलेल्या एकेका मुलावर खर्च वाढतोय. नामांकित क्लासच्या प्रवेशासाठी चिमुरड्यांची परीक्षा, ‘चार वर्षांच्यांची स्पर्धापरीक्षा’ असं तिला लोक चिडून म्हणतात, यावर २०२५ मध्ये देशभर गदारोळ झाला. दोन-तीन वर्षांसाठी या, जन्मभराचं गणित यावर मांडू नका.

१५. इंग्रजीच कशाला? मी आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळेत गणित शिकवते.

मग तुमचा रस्ता वेगळा, आणि भारतीय पासपोर्टसाठी बराच सरळ. सोंगदो, जेजू इथल्या आंतरराष्ट्रीय शाळा विषयशिक्षकांना ई-७ व्हिसावर घेतात. तिथे शिक्षक-पात्रता आणि अनुभव बघतात. पीएच.डी. असेल तर विद्यापीठासाठी ई-१. मला विचाराल तर बी.एड. असलेल्या विज्ञान-गणिताच्या शिक्षकांनी इंग्रजीच्या नादी लागूच नये.

१६. माझी पदवी माहेरच्या नावाने आहे, पासपोर्ट सासरच्या. चालेल?

कोरियन कारकुनाला हे समजावणं सगळ्यात अवघड, कारण इथे लग्नानंतर बायका आडनाव बदलतच नाहीत. माझ्या सासूबाईंचं आडनाव आजही वेगळं आहे. विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाचं राजपत्र, दोन्ही अपोस्टिल करून अर्जासोबतच लावा, मागायची वाट बघू नका. पदवीवर आडनाव आधी असतं ते इथल्या रीतीला धरूनच आहे, त्याची काळजी नको.

नाव बदललं नसेल तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असलं की इथल्या फॉर्मच्या रकान्यात आपलं नाव मावत नाही. माझं बँकेने सलग लिहिलं, मोबाइल कंपनीने मधे जागा सोडून. परिणामी मी एकच बाई आहे हे कुठल्याही ॲपला पटेना. तिसऱ्या खेपेला बँकेतल्या मुलीने पासपोर्ट काचेखाली सरकवून घेतला, माझं नाव बोटाने अक्षर अक्षर मोजलं आणि विचारलं, यातली तुम्ही कोणत्या? मी पहिल्या नावावर बोट ठेवलं. आणि हे? माझे वडील, म्हटलं. तिने मान डोलावली आणि मोबाइल कंपनीसारखीच जागा सोडून नाव टाइप केलं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तूरडाळ ऑनलाइन मागवली.